काळ्या खुर्च्या आणि त्यांचे पुस्तक

मंडळी, नमस्कार.

मी पुस्तकांची मांडणी करते. चित्रांची, वास्तूंची, खाजगी संग्रहांची पुस्तके. गेली बावीस वर्षे हाच उद्योग आहे. या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असे कुणी विचारले तर मी सांगते, चित्राखालच्या ओळीत. वस्तू कोणती, कशाची, कुणी केली, कुठून आली. चारच गोष्टी असतात, पण त्या मिळवता मिळवता कधी वर्ष निघून जाते. आज मला अशा एका माणसाबद्दल बोलायचे आहे, ज्याने आपल्या घरातल्या वस्तूंखालच्या या ओळी छापायला आपल्याच आवारात छापखाना घातला.

त्याचे नाव होरेस वॉलपोल. जन्म १७१७, मृत्यू १७९७. वडील रॉबर्ट वॉलपोल यांना ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानतात. मुलगा पार्लमेंटात बसला, पण जीव रमला तो वस्तूंत आणि पत्रांत. लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी, ट्विकनहॅमला त्याने १७४७ मध्ये एक लहानसे घर भाड्याने घेतले, दोन वर्षांनी विकत घेतले आणि त्याला स्ट्रॉबेरी हिल हे नाव दिले. मग पुढची चाळीसेक वर्षे तो ते वाढवत, बदलत, सजवत राहिला. त्या काळी इंग्लंडात सुखवस्तू माणसे ग्रीक-रोमन धाटणीची, मापात बसवलेली घरे बांधत. याने टोकदार कमानी, बुरूज, रंगीत काचा असे सगळे जुन्या चर्चमधले घरात आणले. लोक त्याला विक्षिप्त म्हणत. एकदा परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला तो गळ्यात लाकडी क्रॅव्हॅट, म्हणजे लेसचा गळपट्टा, बांधून दारात उभा राहिला. ग्रिनलिंग गिबन्स या कोरक्याने लिंबाच्या लाकडात कोरलेली ती लेस होती. इथे लिंब म्हणजे आपला कडुनिंब नव्हे, युरोपातले लिंडन. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि काचेला नाक लावून पाहिली तरी लाकूड कुठे संपते आणि जाळी कुठे सुरू होते ते कळत नाही.

पण मी आले आहे ती फर्निचरबद्दल बोलायला.

त्याच्या ग्रंथालयातली कपाटे घ्या. १७५४ च्या सुमाराची. प्रत्येक कपाटावर टोकदार कमान, कमानीत नक्षीची जाळी, आणि वरचे पुस्तक काढायचे तर ती कमानच बिजागरीवर दारासारखी बाहेर उघडते. ही कमान आली कुठून? लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या एका दरवाज्यावरून. ते कॅथेड्रल १६६६ च्या आगीत जळाले. वॉलपोलच्या जन्माआधी एक्कावन्न वर्षे! त्याने तो दरवाजा पाहिलेलाच नव्हता. त्याने पाहिले ते पुस्तक. विल्यम डगडेल यांनी १६५८ मध्ये सेंट पॉलचा इतिहास छापला होता आणि त्यात होलार या कोरक्याने केलेली चित्रे होती. आठ वर्षांनी इमारत गेली, पुस्तक राहिले. त्या पुस्तकातल्या चित्रावरून शंभर वर्षांनी सुतारांनी पुस्तकांचे कपाट घडवले. ते कपाट आजही त्याच भिंतीवर आहे.

मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी काम बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते. आपण पुस्तके कशासाठी करतो, याचे उत्तर त्या कपाटात आहे असे मला वाटले. आणि वॉलपोलला ते माझ्या फार आधी उमगले होते.

छापखाना त्याने १७५७ च्या उन्हाळ्यात सुरू केला. पहिले काम मित्राचे, थॉमस ग्रे या कवीच्या दोन दीर्घ कवितांचे. पुढे थॉमस कर्गेट नावाचा छापणारा आला आणि शेवटपर्यंत राहिला. छापखाना लहान, माणसे मोजकी. अक्षरांचे खिळे जुळवायचे, दाबाखाली कागद घालायचा, ओले ताव वाळत टाकायचे. या छापखान्यातून १७७४ मध्ये एक पुस्तक निघाले, ते म्हणजे त्याच्याच घराचे वर्णन. फक्त शंभर साध्या प्रती आणि मोठ्या कागदावरच्या मोजक्याच. दहा वर्षांनी, १७८४ मध्ये, वाढवलेली आणि चित्रे घातलेली आवृत्ती काढली, तिच्या दोनशे प्रती. विकायला नव्हेच. त्यातल्याही बऱ्याच प्रती त्याने हयातीत हातातून सोडल्या नाहीत.

पुस्तकाची रीत अशी की वाचणाऱ्याला हाताला धरून खोलीमागून खोली फिरवायचे. ही भिंत, हे चित्र, त्याखाली हे टेबल, टेबलावर ही बशी. ही अमक्या उमरावाच्या लिलावातून आली, ही अमक्या बाईंनी दिली. मांजराची गोष्ट पाहा. त्याची सेलिमा नावाची मांजर चिनी निळ्या-पांढऱ्या हौदात मासे धरताना बुडाली. त्यावर ग्रेने कविता केली. वॉलपोलने तो हौद चौथऱ्यावर बसवला आणि कवितेचे पहिले कडवे त्याला चिकटवले. म्हणजे तिथेही खाली ओळ आहेच. वस्तू आणि तिची हकीकत एका जागी राहिली पाहिजे, हा त्याचा ध्यास.

घर पाहायला माणसे येत. त्याने नियम छापून ठेवले होते. दिवसाला चौघांची एकच तुकडी, दुपारी बारा ते तीन, मे ते सप्टेंबर, आणि लहान मुलांना मनाई. तिकीट घ्यायचे आणि घरकाम पाहणारी बाई खोल्या दाखवायची. तिच्या हातात माहिती द्यायला म्हणून हे पुस्तक सुरू झाले. पण १७८४ च्या प्रस्तावनेत त्याने एक वाक्य लिहिले, आणि त्या वाक्यासाठी मी आज इथे आले आहे. तो म्हणतो, या चित्रांची आणि दुर्मीळ वस्तूंची हकीकत मी देतो आहे ती पुढे त्या विखुरणार आहेत हे धरून. ज्याच्या घरी जे जाईल, त्याला आपल्या खरेदीचा इतिहास इथे सापडेल.

भरल्या घरात बसून, एकेक वस्तू जागच्या जागी असताना, हा माणूस असे लिहितो.

त्याला हे सुचले याला कारण घडले होते. वडिलांच्या हॉटन इथल्या वाड्यात मोठा चित्रसंग्रह होता. तरुणपणीच, १७४७ मध्ये, होरेसने त्या संग्रहाचे वर्णन करणारे पुस्तक काढले होते. पुढे घर पुतण्याकडे गेले, कर्ज वाढले, आणि १७७९ मध्ये तो संग्रह रशियाच्या कॅथरीन राणीला विकला गेला. आज ती चित्रे सेंट पीटर्सबर्गकडे पाहावी लागतात. इंग्लंडात उरले ते पुस्तक. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी घर रिकामे होताना पाहिलेला माणूस दुसऱ्या वेळी आधीच लिहून ठेवतो. आपले बांधकाम आपल्या लिखाणासारखेच कागदाचे आहे, आपण गेल्यावर दहा वर्षांत दोन्ही उडून जातील, असेही त्याने एका पत्रात म्हटले होते. आणि एका अर्थी ते कागदाचे होतेच. मोठ्या दालनाच्या छताची नक्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबे या जुन्या चर्चच्या दगडी छतावरून घेतलेली, पण केलेली कागदाच्या लगद्याची.

आता खुर्च्यांकडे येते.

या घरात दोन प्रकारच्या काळ्या खुर्च्या होत्या. पहिल्या आठ त्याने स्वतः आणि त्याचा मित्र रिचर्ड बेंटली यांनी आखल्या आणि विल्यम हॅलेट या नामांकित कारागिराकडून १७५५ मध्ये करून घेतल्या. पाठ म्हणजे जणू चर्चची खिडकी. काच काढून टाका आणि दगडी चौकट ठेवा, तशी. बसायला गवताची विण. लाकूड बीच, म्हणजे साधे, फिकट, आणि वरून काळा रंग. त्यातली एक व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. तिच्यापुढे मी बराच वेळ उभी होते. पाठीच्या त्या बारीक जाळीत एका ठिकाणी रंग घासून गेल्यासारखा वाटतो आणि आतला फिकटपणा जाणवतो. मला तो फार जवळचा वाटला. काळे लाकूड परवडत नाही किंवा मिळत नाही, तेव्हा आपल्याकडेही सागवानाला शिसवी पॉलिश मारतातच.

दुसऱ्या खुर्च्या मात्र खऱ्या आबनुसाच्या.

आबनूस हे लाकूड ज्याने हातात घेतले आहे त्याला त्याचे वजन विसरता येत नाही. पाण्यात टाकले तर तळाला जाते. पटाशीची धार बघता बघता उतरते. त्याच्याच कुळातले एक झाड आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात आहे, टेंभुर्णी, ज्याच्या पानांत विडी वळतात. तर अशा लाकडाच्या खुर्च्या वॉलपोलला हव्या होत्या, कारण त्याची खात्री होती की त्या इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या आहेत. ही खात्री कुठून आली? ईशर नावाच्या ठिकाणी तशा खुर्च्या होत्या, आणि ते घर एकेकाळी कार्डिनल वुल्झीचे. आठव्या हेन्रीचा सर्वशक्तिमान मंत्री. खुर्च्या काळ्या, जड, पिळाच्या खांबांच्या, पाठीवर दाट कोरीवकाम. वुल्झीच्या घरात आहेत म्हणजे वुल्झीच्या काळच्या. झाले.

१७६३ च्या मे महिन्यात लेडी कॉनियर्स यांच्या घरी लिलाव आहे असे त्याला कळले, आणि हा गृहस्थ साठ मैल घोडागाडीतून गेला. तिथून त्याने मित्राला, जॉर्ज माँटेग्यूला पत्र लिहिले. त्यात आनंद नुसता उतू जातो आहे. लिलावासाठी साठ मैल जाणारा मीच पहिला असेन, म्हणतो. आबनुसासाठी आलो आणि हनुवटीपर्यंत आबनुसात बुडालो. दोन टेबले आणि अठरा खुर्च्या, सगळ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या हॅलेटने केलेल्या!

दोनशे वर्षांपूर्वीचा हॅलेट. हे शब्द नीट ऐका. ज्याने या खुर्च्या घडवल्या तो आपल्या आजच्या उत्तम कारागिराच्या तोडीचा होता, हे वॉलपोलच्या डोळ्यांनी बरोबर ओळखले. मायेने ओळखले. फक्त त्याने तो माणूस इंग्लंडात शोधला. तो होता भारतात.

या खुर्च्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या. म्हणजे आंध्र-तामिळनाडूची किनारपट्टी, मच्छलीपट्टणपासून खाली. तिथे डचांच्या वखारी होत्या, इंग्रजांच्या होत्या, पोर्तुगीज त्याही आधी येऊन गेले होते. साहेबाला उंच बैठक हवी, पाठ हवी. सुतार आपला, लाकूड इकडचे, नमुना तिकडचा. आबनूस वाकत नाही आणि मोठ्या फळ्यांत परवडत नाही, म्हणून लहान लहान तुकडे चरकावर कातून पीळ काढायचे, कुसू खाचेत बसवून जोडायचे, आणि सपाट जागा दिसेल तिथे वेलबुट्टी, पोपट, अर्ध्या अंगाने मासोळी असलेल्या स्त्रिया कोरायच्या. बैठक वेताची. वेताने विणलेली बैठक ही गोष्टच इंग्लंडात पूर्वेकडून गेली, तीही १६६० नंतर. तेव्हा वुल्झी मरून सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

याच वेळची एक घटना आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सचे पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न झाले आणि हुंड्यात मुंबई बेट आले. त्या वर्षी जॉन एव्हलिन याने रोजनिशीत नोंद केली आहे की राणीने आपल्याबरोबर भारतीय कपाटे आणली, तशी इथे पूर्वी कुणी पाहिली नव्हती. मुंबईच्या हुंड्याची कागदपत्रे आपण काढून काढून वाचली. त्याच लग्नातून इंग्लंडला गेलेल्या लाकूडसामानाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही.

आणि ही चूक एकट्या वॉलपोलची नाही. तो मोठा माणूस, जुन्या गोष्टींचा जाणकार. त्याने ट्यूडर म्हटले म्हणून पुढे शंभर वर्षे सगळ्यांनी ट्यूडर म्हटले. वॉरिकशरमधल्या चार्लकोट पार्क या घरी १८३७ मध्ये असाच आबनुसाचा संच आला, आणि तो एलिझाबेथ राणीने आपल्या लाडक्या सरदाराला दिला होता अशी कथा त्याच्यासोबत आली. तोही कोरोमंडलचाच. विसाव्या शतकात संग्रहालयांतल्या अभ्यासकांनी श्रीलंकेतले, बटेव्हियातले, म्हणजे आजच्या जकार्तातले, भारतातले नमुने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कुठे या खुर्च्या आपल्या घरी परतल्या, निदान कागदोपत्री.

मला यात एक गोष्ट फार बोचते. सेंट पॉलच्या दरवाज्याबाबत वॉलपोल चुकला नाही, कारण त्याच्यासमोर डगडेलचे पुस्तक होते. थडग्यावरून चुलीची चौकट घेतली, तिथेही चुकला नाही, कारण कोणते थडगे, कुठल्या चर्चमधले, हे लिहिलेले होते. तो चुकला तो ज्या सुताराबद्दल कुणीच काही लिहिले नव्हते तिथे. मच्छलीपट्टणच्या कारागिराने नक्षीत पोपट कोरला, नाव कोरले नाही. त्याच्या गावात त्याच्याबद्दल लिहिणारे कुणी बसले नाही. ती रिकामी जागा वुल्झीच्या नावाने भरली गेली.

तरीही वॉलपोलच्या पुस्तकाचा उपकार मी मानते. त्याने चूक लिहिली, पण लिहिली. कोणत्या खोलीत खुर्च्या होत्या, कशाच्या होत्या, कुठून आल्या, हे सगळे नोंदले. १८४२ मध्ये त्याच्या वारसाने घरातले सामान लिलावात काढले. जॉर्ज रॉबिन्स हा त्या काळचा नामांकित लिलाववाला, एप्रिलच्या शेवटी सुरू झालेला लिलाव चोवीस दिवस चालला. सुमारे तेहेतीस हजार पौंड आले आणि घर मोकळे झाले. जे विखुरणार म्हणून त्याने लिहून ठेवले होते ते तो गेल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी विखुरले.

मग विसाव्या शतकात अमेरिकेतला एक माणूस उठला, विल्मार्थ लुइस. वॉलपोलची पुस्तके, पत्रे, वस्तू जगभरातून गोळा करण्यात त्याने आयुष्य घातले. येल विद्यापीठाकडून वॉलपोलचा पत्रव्यवहार छापायला १९३७ मध्ये सुरुवात झाली आणि १९८३ मध्ये शेवटचा, अठ्ठेचाळिसावा खंड निघाला. लुइस त्याआधी चार वर्षे वारला. सेहेचाळीस वर्षे आणि अठ्ठेचाळीस खंड! मी प्रकाशनात काम करते, त्यामुळे हे आकडे माझ्या अंगावर येतात. किती संपादक आले आणि गेले असतील, किती प्रुफे. खाली टिपा अशा की पत्रात एका टेबलाचा उल्लेख आला तर ते टेबल वर्णनात कुठे आहे, लिलावात कुणी घेतले, आता कुठे आहे, हे मिळेल तितके दिलेले. लुइसने कनेक्टिकटमधल्या फार्मिंग्टन इथले आपले घर संग्रहासकट येलला दिले. २०१० मध्ये लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये मोठे प्रदर्शन झाले, त्याच वर्षी स्ट्रॉबेरी हिल दुरुस्त होऊन पुन्हा उघडले, आणि पुढे २०१८ मध्ये हरवलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच काही महिन्यांसाठी आपापल्या खोल्यांत परत आणल्या गेल्या. कुठली वस्तू कुठल्या भिंतीला, हे ठरवायला हाताशी काय होते? १७८४ चे ते पुस्तक.

आता थोडे घरचे सांगते आणि थांबते.

कृष्णाकाठी आमचा वाडा होता. वाटण्या झाल्या, वाडा पाडायचा ठरला. माजघरात एक घडवंची होती, अंथरुणे ठेवायची, सागवानी, पायांना किंचित बाक दिलेली. तिच्या फळीच्या खालच्या बाजूला पटाशीने मारलेली एक खूण होती, दोन आडव्या रेघा आणि एक तिरकी. लहानपणी आम्ही तिच्याखाली लपायचो, तेव्हा ती खूण बरोबर डोळ्यांसमोर यायची आणि मी तिच्यावरून बोट फिरवायचे. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने ती इतर चार वस्तूंबरोबर उचलली. काही वर्षांनी एका हॉटेलच्या दर्शनी दालनात मला ती दिसली. फुलदाणी ठेवली होती तिच्यावर. शेजारी छापील पाटी होती, पेशवेकालीन. मी खाली वाकून खूण पाहिली. तीच घडवंची.

ती पेशवेकालीन नाही. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या १९३१ च्या वहीत मला ओळ सापडली. सुतार, घडवंची एक, सागवान घरचे, दिवस नऊ. पुढे मजुरीचा आकडा. बस. आजोबांनी लाकूड कुणाचे ते लिहिले, दिवस मोजून लिहिले, सुताराचे नाव मात्र लिहिले नाही.

मी मोठ्या आत्याला फोन केला. ती तेव्हा सहा-सात वर्षांची होती, आता तिला फार ऐकू येत नाही, म्हणून तेच तेच तीनदा विचारावे लागले. नाव तिला आठवले नाही. पण तो नदीपलीकडून होडीने यायचा, ओसरीवर काम करायचा, रंध्यातून निघणाऱ्या सालींची वेटोळी मुलांना खेळायला द्यायचा, आणि डाव्या हाताने पटाशी धरायचा, एवढे तिने सांगितले. डाव्या हाताने. म्हणून ती तिसरी रेघ तशी तिरकी.

हे मी त्या वहीत, त्याच ओळीखाली, पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आत्याचे नाव आणि फोन केला ती तारीख घालून.